रोलर घेण्याआधी केस मोजा

सोलापूरच्या नवी पेठेत रोलर मागितले की काउंटरवरून पहिला प्रश्न येतो, "मोठे देऊ की बारीक, ताई?" आपण पाकिटावरच्या फोटोकडे बघतो, असेच केस पाहिजेत असं मनात येतं आणि तेच पाकीट उचलतो. घरी लावल्यावर तसं काही होत नाही. मग "माझ्या केसांना कर्ल धरतच नाही" असं ठरवून रोलर कपाटात जातात. घरातल्या आणि गल्लीतल्या मुलींचे केस मी लग्नाकार्याला करून देते. त्यात केसांचा दोष असलेला मी क्वचितच बघितला. बहुतेक वेळा रोलरच त्या केसांच्या मापाचा नसतो.

टेप काढा

शिवणाची टेप घ्या आणि एक बट मुळापासून शेंड्यापर्यंत मोजा. लेयर कट असेल तर टाळूवरची वेगळी आणि मानेजवळची वेगळी मोजा, कारण दोन्हीकडे एकच रोलर चालेलच असं नाही.

आता हिशोब वेढ्यांचा. केस रोलरभोवती एकदा फिरला तर नुसता शेंडा आत वळतो. दीड वेढा बसला तर लाट पडते. गोल, कुरळी बट हवी असेल तर निदान अडीच वेढे बसायला हवेत. रोलरच्या जाडीला 3.14 ने गुणलं की एका वेढ्याला किती केस लागतो ते कळतं. 25 मिलिमीटरच्या रोलरला साधारण 8 सेंटिमीटर, म्हणजे अडीच वेढ्यांना 20. 40 च्या रोलरला अडीच वेढ्यांसाठी 31 आणि 60 च्या जाडजूड रोलरला तब्बल 47 सेंटिमीटर.

माझ्या भाचीचे केस खांद्यापर्यंत, 28 सेंटिमीटर. तिनं हौसेनं 60 चे रोलर आणले होते, आणि हवे होते कुरळे केस. त्या रोलरवर तिच्या केसाचा जेमतेम दीड वेढा बसत होता. केस छान फुगले, खाली लाटही आली, पण कुरळे होणं शक्यच नव्हतं. 25 चे आणून दिल्यावर त्याच केसांना पहिल्याच दिवशी गोल बटा आल्या.

पाकिटावर माप नसेल तर पर्समधलं दहा रुपयांचं नाणं काढा. ते 27 मिलिमीटरचं असतं. रोलरच्या तोंडाशी धरा: नाणं आणि रोलर जवळपास सारखे दिसले तर तो कर्लचा रोलर, दीडपट दिसला तर लाटांचा, दुप्पट किंवा त्याहून मोठा असला तर केस फुगवायचा. रंगावरून माप ओळखायला जाऊ नका, प्रत्येक कंपनीचे रंग वेगळे असतात.

कुठल्या केसांना कुठला

काटेरी, म्हणजे वेल्क्रोचे रोलर आपल्याकडे सगळ्यात जास्त खपतात. पिन न लावता केसाला धरून बसतात, म्हणून सोपे वाटतात. सरळ, मध्यम लांबीच्या, निरोगी केसांना ते उत्तम. पण दाट कुरळ्या केसांत, ब्लीच केलेल्या केसांत किंवा शेंडे फुटलेले असतील तिथे ते लावूच नका. काटे अडकतात, आणि ओढून काढले की केस तुटतात. काढतानासुद्धा जसा गुंडाळला तसाच उलटा उलगडत आणायचा, खाली खेचायचा नाही.

फोमचे मऊ रोलर रात्री लावून झोपायला बरे. डोक्याला टोचत नाहीत, विजेचीही गरज नाही. फक्त त्यांत ओले केस गुंडाळू नका. मी ही चूक एका लग्नात केली आहे. नवरीच्या मैत्रिणीचे दाट केस रात्री अर्धवट ओले असतानाच फोममध्ये गुंडाळले. फोमनं पाणी शोषून धरलं. सकाळी बाहेरून केस कोरडे लागले आणि आत, रोलरला चिकटलेला भाग गारच होता. अक्षता पडायच्या आत सगळं सुटून सरळ झालं. तिचा चेहरा मला अजून आठवतो. तेव्हापासून मी केस हाताला जवळजवळ कोरडे लागेपर्यंत फोमला हात लावत नाही.

गुळगुळीत प्लॅस्टिकचे रोलर ओल्या केसांसाठी. वेळ लागतो, पण बसलेला कर्ल टिकतो. ज्यांचे केस मुळातच कुरळे आहेत आणि थोडे मोकळे करायचे आहेत, त्यांनी यातलेच मोठे घ्यावेत. गरम रोलर पूर्ण कोरड्या केसांनाच लावायचे. कमरेपर्यंत केस असतील तर वाकणाऱ्या लांब काड्या, म्हणजे फ्लेक्सी रॉड घ्या. साध्या रोलरवर एवढ्या लांब केसांचे थरावर थर चढतात आणि वरचे वेढे सैल राहतात. काडीवर केस तिरका, पसरून गुंडाळता येतो.

केस तयार करणं

पाण्यानं केसातले हायड्रोजन बंध सुटतात आणि वाळताना नव्या आकारात पुन्हा जुळतात. उष्णतेनंही तसंच होतं, तिथे ते गार होताना जुळतात. रोलरचं सगळं काम एवढ्यावर चालतं. म्हणून रोलर कधी काढता याला इतकं महत्त्व.

तेल लावलेल्या केसांना कर्ल धरत नाही. आदल्या दिवशी न्हायलेले केस सगळ्यात चांगले, अगदी ताजे धुतलेले फार निसटतात. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून बऱ्याच घरांत बोअरच्या जड पाण्यानं केस धुतले जातात. क्षार बसून केस राठ होतात. निदान शेवटचे दोन तांबे आरओ फिल्टरच्या पाण्याचे घ्या.

आणि एक गोष्ट सोलापूरकरांना सांगताना मलाच जड जातं: आपला टॉवेल अंगाला कितीही चांगला असला तरी त्यानं केस खसाखसा चोळू नका. त्याच्या धाग्यांच्या वेटोळ्यांत केस घासून पिंजारतो. जुना सुती टी-शर्ट किंवा मऊ धोतराचा तुकडा घेऊन केस नुसते दाबून टिपा. मग लिंबाएवढा मूस, म्हणजे केस बसवायचा फेस, हातावर घेऊन मधोमध ते शेंड्यापर्यंत लावा.

गुंडाळणं

टाळूपासून सुरू करा, मग बाजू, शेवटी मान. एका वेळी घ्यायची बट रोलरच्या लांबीएवढी रुंद आणि त्याच्या जाडीएवढीच जाड, जास्त नाही. बट डोक्याला काटकोनात वर उचला. मुळाशी जास्त फुगा हवा असेल तर किंचित पुढे झुकवा. शेंडे रोलरवर सपाट बसवा. इथे घाई केली की शेंड्याला मोड पडते आणि कर्ल उघडल्यावर तेवढीच नजरेत भरते. मग टाळूपर्यंत एकसारख्या ताणानं गुंडाळत या. कातडी ओढली जात असेल तर सैल करा.

ड्रायर फिरवला असेल तर तो बंद केल्यावर लगेच रोलर काढायचे नाहीत. एक रोलर हातात धरून बघा, आतला केस गार लागला पाहिजे. वीसेक मिनिटं जाऊ द्या, तोवर साडी नेसून होते. काढल्यावर कंगवा नको, बोटं घाला.

एप्रिल-मेच्या लग्नात सोलापूरचा पारा 40 च्या वर असतो आणि हवा कोरडी, त्यामुळे ओले केस रोलरवर सावलीतसुद्धा लवकर वाळतात. पावसाळ्यात हवेतला ओलावाच बंध सोडवत राहतो, म्हणून श्रावणातल्या कार्यक्रमाला हवा आहे त्यापेक्षा एक माप बारीक रोलर लावा. कर्ल ढिला होऊन बरोबर मापावर येतो.

गजरा माळायचा असेल तर तो पाणी शिंपडलेलाच मिळतो. पुडी सोडून आधी झटका, कोरड्या फडक्यावर पाच मिनिटं ठेवा आणि त्याची पिन बटांच्या वर, अंबाड्याच्या किंवा क्लिपच्या जागी लावा. ओला गजरा बटांवर टेकला की त्याच्याखालचा कर्ल तासाभरात सरळ होतो.