मुंबई बंदरातली जहाजं बघायची असतील तर मोऱ्याची लाँच पकडा

जहाजं बघायला सगळे गेटवेला जातात आणि तिथे दिसतात काय तर एलिफंटाच्या लाँच, दोनचार यॉट आणि लांबवर धुरकट ठिपके. माझं ऐका, भाऊच्या धक्क्यावर जा आणि उरणच्या मोऱ्याची लाँच पकडा. साधारण पाऊण तासाचा प्रवास, आणि ही लाँच न्हावाशेवाच्या कंटेनर जहाजांची वाटच आडवी कापते.

दुपारी तीननंतर निघा, सकाळी जाताना ऊन थेट डोळ्यात येतं. डावीकडची जागा धरा, आधी जवाहर द्वीप लागतं, तिथे क्रूडचे टँकर लागलेले असतात, मग घारापुरी आणि पुढे न्हावाशेवाच्या क्रेन. उजवीकडे नांगर टाकून उभी जहाजं, बहुतेक सगळी एकाच दिशेला तोंड करून, कारण भरती-ओहोटीची ओढ जशी फिरते तशी तीही फिरतात. निघायच्या आधी भरतीची वेळ बघाच, जास्त खोल बुडणारी मोठी जहाजं भरतीच्या पाण्यावर आत येतात म्हणून तेव्हाच मजा असते, शिवाय ओहोटीला मोऱ्याला गाळामुळे लाँचची बोंब होते. आम्ही एकदा वेळ न बघता गेलो आणि वडापाव खात पाणी चढायची वाट बघत बसलो, पोरगं जाम वैतागलेलं.

फोनवर मरीन ट्रॅफिक ॲप टाकून घ्या, जहाजाचं नाव, कुठून आलं, कुठे चाललंय सगळं दिसतं. नौदलाची जहाजं मात्र त्यात बऱ्याचदा नसतात, आणि त्यांचे किंवा गोदीचे फोटो काढायच्या भानगडीत पडू नका.

पण खरं सांगू, ॲप खिशात ठेवून जहाज बघायला शिका. खालचा लाल रंग भरपूर दिसतोय म्हणजे जहाज रिकामं किंवा कमी भरलेलं, लाल पट्टा पाण्यात गेलाय म्हणजे माल फुल्ल. खिडक्या नसलेला चपलांच्या खोक्यासारखा ठोकळा दिसला तर ते गाड्या नेणारं जहाज. अर्धा पांढरा अर्धा लाल झेंडा असेल तर बंदराचा पायलट, म्हणजे जहाजाला बंदरातली वाट दाखवणारा माणूस, जहाजावर आहे, म्हणजे जहाज एकतर आत येतंय किंवा बाहेर पडतंय, आणि बाजूला टग, म्हणजे मोठ्या जहाजांना ओढणाऱ्या-ढकलणाऱ्या छोट्या दणकट बोटी, दिसले तर आता वळणार किंवा धक्क्याला लागणार हे समजायचं. अख्खा लाल झेंडा म्हणजे धोक्याचा माल, टँकरवर हमखास असतो. मागच्या बाजूला नावाखाली पनामा, मोनरोव्हिया, माजुरो असं काहीतरी दिसेल, ते फक्त रजिस्ट्रेशनचं गाव, मालक भलत्याच देशातला असू शकतो.

दुर्बीण ७ बाय ५० (म्हणजे सातपट मोठं दाखवणारी, ५० मिमी भिंगाची) पुरे, त्याहून जास्त झूमची हलत्या लाँचवर स्थिर राहतच नाही. आणि मोऱ्याला उतरल्या उतरल्या परतीच्या शेवटच्या लाँचची वेळ विचारून घ्या, चुकली तर अटल सेतूवरून किंवा पनवेलवरून फिरून घरी यावं लागतं.