हाडं बळकट करायला निघालात? मग या चुका टाळा

"रोज सकाळी पाऊण तास चालते हो मी, एक दिवस चुकवत नाही. मग हाडं ठिसूळ झालीच कशी?" डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीचा रिपोर्ट हातात धरून हा प्रश्न विचारणाऱ्या काकू मला सारख्या भेटतात. मी फिजिओथेरपिस्ट आहे. नाशिकमध्ये घरोघरी जाऊन साठीपुढच्या लोकांकडून व्यायाम करून घेते. या कामात आळशी माणसं मला फार कमी भेटली. बहुतेक जण मनापासून मेहनत करतात, फक्त ती मेहनत हाडांपर्यंत पोचत नाही. काहींच्या बाबतीत तर तीच मेहनत हाडांच्या मुळावर येते. हे पाहून जीव तुटतो, म्हणून लिहायला बसले.

आधी एक गोष्ट समजून घ्या. हाड म्हणजे निर्जीव खांब नाही. ते सतत झिजत असतं आणि नव्याने भरत असतं. किती भरायचं हे ते अंगावर पडणाऱ्या ओझ्यावरून ठरवतं. ज्युलियस वुल्फ या जर्मन शल्यचिकित्सकाने १८९२ मध्ये हेच मांडलं: जसं ओझं, तशी हाडाची घडण. टेनिस खेळाडूंच्या रॅकेटच्या हाताचं हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड असतं. याउलट अंतराळात वजनच जाणवत नाही, म्हणून अंतराळवीरांच्या खुब्याच्या हाडाची घनता महिन्याला साधारण १ ते १.५ टक्क्याने घटते. आपला सगळा व्यायाम या एका नियमावर चालतो.

फक्त चालण्यावर भिस्त ठेवणं

चालणं सोडू नका. हृदयाला, साखरेला, मनाला ते चांगलंच आहे. पण हाड सवयीच्या ओझ्याला दाद देत नाही. वीस वर्षं तुम्ही त्याच वाटेने, त्याच चालीने जात असाल, तर हाडाला त्यात नवं काहीच कळत नाही. खुब्याला थोडा फायदा होतो, कण्याला जवळजवळ नाही, मनगटाला तर नाहीच. पोहणं आणि सायकल यांचंही तसंच. पाणी आपलं वजन उचलून धरतं, सायकलवर ते सीट पेलते.

मग काय करायचं? चालताना मधेमधे दोन मिनिटं झपझप पावलं टाका. चढ असेल तर टाळू नका, शक्य तिथे लिफ्ट सोडून जिना घ्या. आणि घरी टाचा आपटा. ओट्याला दोन्ही हातांनी धरून उभं राहायचं, टाचा वर उचलायच्या आणि एकदम सोडून द्यायच्या. ठप्प असा आवाज आला पाहिजे. बहुतेक जण टाचा हळुवार, मांजरीसारख्या टेकवतात आणि त्यातला सगळा फायदा घालवतात. तो छोटा हादराच तर हाडाला हवा असतो. चहाचं आधण येईपर्यंत दहा वेळा, संध्याकाळी पुन्हा दहा वेळा. एका दमात शंभर नको. प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलंय की तेच ओझं सलग पडत राहिलं तर हाडाच्या पेशी थोड्याच वेळात प्रतिसाद देणं थांबवतात आणि मधे विश्रांती मिळाली की पुन्हा देऊ लागतात. ज्यांचा मणका आधीच दबलाय किंवा टाच दुखते, त्यांनी मात्र हा व्यायाम विचारल्याशिवाय करू नये.

कमरेतून पुढे वाकणं

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते, म्हणून इथे जरा थांबते.

एक काकू, वय सदुसष्ट. मोबाइलवर बघून रोज पश्चिमोत्तानासन करायच्या. कपाळ गुडघ्याला लावायचंच अशी जिद्द. एके सकाळी पाठीत कट्कन झालं. लचक भरली असं समजून तीन आठवडे बाम आणि गरम पाण्याची पिशवी चालली. कुशीवर वळतानाही कळ यायला लागली, तेव्हा एक्स-रे काढला. छाती आणि कमरेच्या सांध्यावरचा एक मणका पुढच्या बाजूने पाचरीसारखा दबला होता. त्या पडल्या नव्हत्या, कुठे आपटल्या नव्हत्या. हाडं बळकट व्हावीत म्हणून व्यायाम करत होत्या, एवढंच.

मणका आतून मधाच्या पोळ्यासारखा जाळीदार असतो. वय वाढतं, पाळी जाते, तशी ही जाळी विरळ होते. आपण पाठ गोल करून पुढे वाकलो की सगळा दाब मणक्याच्या पुढच्या कडेवर येतो, आणि तिथली जाळी बसते. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधला १९८४ सालचा एक अभ्यास आम्हाला शिकताना दाखवतात. कण्याची हाडं ठिसूळ झालेल्या ५९ स्त्रिया त्यात होत्या. ज्यांनी पाठ मागे ताणण्याचे व्यायाम केले, त्यांच्यापैकी १६ टक्के जणींचे मणके नव्याने दबले. ज्यांनी पुढे वाकण्याचे केले, त्यांच्यात हे प्रमाण ८९ टक्के होतं. काहीच व्यायाम न करणाऱ्यांत ६७ टक्के. गट लहान होते हे खरं, पण आकड्यांमधली ही दरी मला आजही अस्वस्थ करते.

यात दोष योगासनांचा नाही. ठिसूळ हाडांना पश्चिमोत्तानासन, हलासन, सूर्यनमस्कारातलं हस्तपादासन, पाठ गोल करून केलेले पोटाचे व्यायाम आणि टोकाचे पीळ चालत नाहीत, इतकंच. ताडासन करा. आधार धरून वृक्षासन करा. पालथं झोपून, हात अंगालगत ठेवून डोकं आणि छाती चार बोटं वर उचला, पाच आकडे मोजा, खाली या. नजर जमिनीकडेच. मान वर करून समोरचा टीव्ही बघायचा नाही. आठ-दहा वेळा पुरे. जमिनीवर उतरणं जमत नसेल तर पलंगावर करा. तेही जड जात असेल तर भिंतीला पाठ टेकून उभं राहा, हनुवटी किंचित आत घ्या, डोकं आणि खांदे भिंतीकडे दाबा.

पण खरा घात सतरंजीवर होतो त्यापेक्षा जास्त घरकामात होतो. दळणाचा डबा घ्या. गुडघे ताठ, पाठ कमानीसारखी, आणि आठ किलोचा डबा जमिनीवरून झटक्यात वर. नातवंडाला पाळण्यातून काढतानाही तेच. वाकायचं ते खुब्यातून. हे शिकायला फरशी पुसायच्या मॉपचा दांडा पाठीवर उभा धरा. डोक्याची मागची बाजू, खांद्यांच्या मधला भाग आणि माकडहाड, तिन्ही ठिकाणी तो टेकलेला हवा. आता गुडघे जरा सैल करून बसायला निघाल्यासारखे नितंब मागे न्या. दांडा तिन्हीपैकी एका जागेवरून सुटला की समजा, पाठ गोल झाली. पहिल्या दिवशी सगळ्यांचाच सुटतो. आठवडाभर आरशापुढे केलं की अंगवळणी पडतं.

अर्ध्या लिटरची बाटली वर्षानुवर्षं

पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली घेऊन हात वर-खाली करणारे कितीतरी काका-काकू आहेत. सुरुवातीला ठीक, पण चार वर्षांनीही तीच बाटली? ओझं वाढलं नाही तर हाडाने भरायचं तरी कशासाठी?

ऑस्ट्रेलियातल्या ग्रिफिथ विद्यापीठाच्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पाळी गेलेल्या, हाडांची घनता कमी असलेल्या १०१ स्त्रिया होत्या. त्यांच्यातल्या एका गटाने आठवड्यातून दोनदा अर्धा अर्धा तास चांगलं जड वजन उचललं, आठ महिने. त्यांच्या कमरेच्या कण्याची घनता २.९ टक्क्यांनी वाढली. घरी हलका व्यायाम करणाऱ्यांची १.२ टक्क्यांनी घटली. पण ते सगळं प्रशिक्षकाच्या नजरेखाली चाललं होतं. हे वाचून घरी एकट्याने जड वजनाला हात घालू नका. त्यातून घ्यायचं ते इतकंच, की ओझं टप्प्याटप्प्याने वाढायला हवं.

घरगुती हिशोब सोपा आहे. असं वजन घ्या की आठ ते बारा वेळा उचलता येईल आणि शेवटच्या दोन वेळा कष्ट पडतील. बारा सहज व्हायला लागले की थोडं वाढवा. कापडी पिशवीत एक किलो तांदूळ, मग दीड, मग दोन. खुर्चीवरून हात न टेकता उठा-बसा, आणि ते सोपं झालं की तीच तांदळाची पिशवी छातीशी धरून. दंड (पुश-अप) आधी भिंतीवर हात टेकून, मग ओट्यावर. मनगटावर वजन पडतं ते यातूनच. आणि पडताना आपण हात टेकतो तेव्हा मोडतं तेही मनगटच, म्हणून दंड वगळू नका. जोर लावताना श्वास सोडायचा. रोखून धरला तर रक्तदाब एकदम चढतो. एक दिवस करा, एक दिवस सोडा.

तोल सांभाळायला न शिकणं

खुब्याचं हाड बहुतेक वेळा पडल्यामुळे मोडतं. म्हणजे हाड कितीही भरलं तरी पडणं थांबलं नाही तर काम अर्धवटच राहतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत ६५ पुढच्यांनी आठवड्यातून किमान तीन दिवस ताकद आणि तोल या दोन्हींचे व्यायाम करावेत असं सांगितलंय. घरोघरी मला तोलाचाच व्यायाम गायब दिसतो. नाहीतर तो भलत्या जागी होतो: हॉलच्या मधोमध, पायात गुळगुळीत सपाता, खाली सरकणारी चटई, साडीचा घोळ पायात.

स्वयंपाकघरात ओटा जिथे काटकोनात वळतो तो कोपरा यासाठी उत्तम, दोन बाजूंना आधार मिळतो. तसा कोपरा नसेल तर समोर ओटा आणि मागे जड खुर्ची. अनवाणी किंवा पकड असलेली चप्पल घालून एका पायावर उभं राहा. आधी दोन्ही हात टेकलेले, काही दिवसांनी एकच, मग एक बोट, मग हात ओट्याच्या वर चार बोटं तरंगते. दहा सेकंदांपासून तीस सेकंदांपर्यंत जा. नंतर भिंतीलगत एका पायाच्या टाचेला दुसऱ्याचा अंगठा लावत दहा पावलं चाला. रक्तदाबाची गोळी घेतल्यावर किंवा अंथरुणातून उठल्या उठल्या भोवळ येत असेल तर त्या वेळी हे करू नका, आणि डॉक्टरांच्या कानावर घाला.

गुडघे दुखतात म्हणून सगळंच बंद

गुडघा दुखतो म्हणून माणूस बसतो, बसला की मांड्या सुकतात, मांड्या सुकल्या की गुडघ्यावर आणखी भार येतो. खुर्चीवर दोन उश्या ठेवून उंची वाढवा आणि तिथून उठा-बसा. पुढच्या महिन्यात एक उशी काढा. कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचलणं, पालथं झोपून केलेले व्यायाम, ओट्यावरचे दंड, यात गुडघ्याला त्रासच नाही. दुखण्याला दहापैकी तीन-चार गुण देता येतील आणि दुसऱ्या सकाळपर्यंत ते निवत असेल तर चालू द्या. गुडघा सुजला तर दोन दिवस थांबा, पुन्हा कमी संख्येने सुरू करा.

रिपोर्ट आणि गोळ्यांबाबत

तीन महिन्यांत पुन्हा डेक्सा करून घेऊन खट्टू होऊ नका. जुनं हाड काढून नवं भरण्याची एक फेरी काही महिने चालते, म्हणून तपासणी साधारण एक-दोन वर्षांनी करतात. पाळी गेल्यानंतरच्या पाच-सात वर्षांत बाईच्या हाडांची घनता २० टक्क्यांपर्यंत घटू शकते. हे लक्षात घेतलं तर आकडा जागच्या जागी राहिला तरी ती कमाई आहे.

व्यायाम सुरू केला म्हणून डॉक्टरांनी दिलेलं औषध परस्पर बंद करणारेही भेटतात. कृपा करून तसं करू नका. आणि अ‍ॅलेन्ड्रोनेट या हाडांची झीज रोखणाऱ्या औषधाची आठवड्याची गोळी सुरू असेल तर ती उपाशीपोटी, भरपूर पाण्याबरोबर घेऊन निदान अर्धा तास आडवं व्हायचं नसतं, नाहीतर अन्ननलिकेला जळजळ होते. म्हणजे त्या सकाळी पालथं झोपून करायचे व्यायाम संध्याकाळवर ढकला.

खाण्याचं थोडक्यात: कॅल्शियम रोज १००० मिलिग्रॅम, पाळी गेलेल्यांना १२०० लागतं. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिळतं, बाकी दूध-दही. डाळी-उसळींना, खात असाल तर अंडी-मासळीला हात आखडू नका, कारण हाडाचा सांगाडा प्रथिनांचाच असतो.

एक काम आज करा. दाराच्या चौकटीला पाठ लावून उभं राहा आणि घरातल्या कुणाकडून डोक्याशी पेन्सिलची खूण करून घ्या, शेजारी तारीख. दर सहा महिन्यांनी पुन्हा मोजा. तरुणपणीच्या उंचीपेक्षा चार सेंटिमीटर कमी भरत असेल तर दुखत नसलं तरी डॉक्टरांना दाखवा, कारण पुष्कळदा मणके काहीही न दुखता दबतात. वजन उचलताना किंवा वाकताना पाठीत अचानक कळ आली आणि दोन दिवसांत उतरली नाही, तर बाम चोळत बसू नका, एक्स-रे काढून घ्या.

त्या सदुसष्ट वर्षांच्या काकूंचं दुखणं तीनेक महिन्यांत ओसरलं. त्यांची सतरंजी तीच आहे, फक्त आता त्या तिच्यावर पालथ्या झोपतात. दळण त्या अजूनही स्वतःच नेतात, चार-चार किलोच्या दोन पिशव्यांत, दोन्ही हातांत एकेक.