झूम करताना या चुका टाळा: कॅमेरा, नकाशा आणि संगणक

झूम केल्यावर पडद्यावरची वस्तू मोठी होते. पण त्या मोठेपणासोबत नवा तपशील आला की आहे तेवढाच ताणला गेला, हे पाहिले जात नाही आणि बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात.

भिंगांच्या हालचालीतून होणारा ऑप्टिकल झूम फोकल लेंथ (मिलिमीटरमध्ये मोजली जाणारी; ती जितकी जास्त, तितकी दूरची वस्तू मोठी दिसते) वाढवतो आणि दूरच्या वस्तूची प्रतिमा सेन्सरच्या, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या चकतीच्या, अधिक भागावर पसरवतो, म्हणून त्यात तपशील खरोखर वाढतो. डिजिटल झूम मात्र चित्राचा मधला भाग कापून तो फुगवतो. १२ मेगापिक्सेलच्या सेन्सरवर दुप्पट डिजिटल झूम केला की ३ मेगापिक्सेल उरतात आणि चौपट केला की जेमतेम साडेसात लाख पिक्सेल. बाकीचे सॉफ्टवेअरने अंदाजाने भरलेले असतात. असा अंदाज डोंगररांगेच्या छायाचित्रात खपून जातो, परंतु वाहनाच्या पाटीवरील पुसट अंक वाचण्यासाठी त्यावर भिस्त ठेवणे धोक्याचे आहे. शक्य असेल तर पुढे चालत जावे; नसेल तर मूळ छायाचित्र पूर्ण आकारात टिपून नंतर कापावे, म्हणजे चौकट बदलण्याची मुभा तरी हाती राहते.

खरेदीच्या वेळी ‘इतके पट झूम’ या आकड्याला नको तेवढे महत्त्व दिले जाते. हा आकडा म्हणजे सर्वांत मोठ्या फोकल लेंथला सर्वांत लहान फोकल लेंथने भागून येणारे गुणोत्तर. त्यामुळे २४ ते ७२ मिमीची लेन्स आणि ७० ते २१० मिमीची लेन्स या दोन्ही ‘तीनपट’च ठरतात, जरी पहिली निसर्गदृश्यांसाठी आणि दुसरी दूरच्या विषयांसाठी सोयीची असली तरी. किती दूरचे टिपता येईल हे जाणून घ्यायचे असेल, तर गुणोत्तर बाजूला ठेवून मिलिमीटर वाचावेत.

झूम केलेले छायाचित्र हललेले येत असेल, तर दोष बहुधा शटर स्पीडचा, म्हणजे शटर किती वेळ उघडे राहते त्याचा, असतो. फोकल लेंथ वाढते तसा हाताचा कंपही मोठा दिसू लागतो, म्हणून २०० मिमीला निदान १/२०० सेकंद हा जुना ठोकताळा आजही उपयोगी पडतो. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यात त्याहून वेगवान शटर लागते. त्यातच एफ/३.५–५.६ अशा (झूम वाढवला की प्रकाश आत येण्याचे छिद्र तुलनेने लहान पडणाऱ्या) लेन्समध्ये लांबच्या टोकाला येणारा प्रकाश सुमारे अडीच पटींनी घटतो आणि स्वयंचलित कॅमेरा नेमका तिथेच शटर संथ करतो. अशा वेळी आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) वाढवावा, कारण थोडे दाणेदार छायाचित्र हललेल्या छायाचित्रापेक्षा केव्हाही बरे. शिवाय अनेक लेन्समध्ये झूम बदलताच फोकस सरकतो, म्हणून झूम आधी ठरवून फोकस नंतर साधावा.

नकाशात होणारी फसगत अधिक सूक्ष्म असते. ऑनलाइन नकाशांच्या रूढ पद्धतीत शून्य पातळीवर सगळे जग २५६ × २५६ पिक्सेलच्या एकाच टाइलमध्ये (चौकोनी तुकड्यात) मावते आणि पुढच्या प्रत्येक पातळीला टाइलची संख्या चौपट होते. अठराव्या पातळीवर विषुववृत्ताजवळ एक पिक्सेल जमिनीवरचा सुमारे ६० सेंटीमीटर असतो, पण मर्केटर प्रक्षेपणामुळे (गोल पृथ्वी सपाट मांडताना ध्रुवांकडचे भाग ताणून दाखवणाऱ्या पद्धतीमुळे) ६० अंश अक्षांशावर तोच पिक्सेल सुमारे ३० सेंटीमीटरच असतो. तेव्हा झूमची पातळी म्हणजे ठरावीक प्रमाण असे धरून दोन ठिकाणांची अंतरे डोळ्यांनी ताडू नयेत. प्रत्येक वेळी कोपऱ्यातील प्रमाणपट्टी पाहावी.

याहून महागात पडू शकणारी चूक म्हणजे स्कॅन केलेल्या कागदी नकाशावर झूम करून सीमा मोजणे. १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर अर्धा मिलिमीटर जाडीची रेघ जमिनीवर २५ मीटर रुंद होते आणि ती पडद्यावर कितीही मोठी केली तरी तिच्यातली अनिश्चितता तेवढीच राहते. आपले स्थान दाखवणाऱ्या ठिपक्याचेही असेच आहे: त्याच्याभोवतीचे फिकट वर्तुळ अचूकतेची मर्यादा सांगते, आणि नकाशा मोठा केल्याने ती मर्यादा कमी होत नाही. याउलट, दुरून पाहताना एखादे गाव किंवा रस्ता दिसला नाही, तर नकाशा चुकीचा आहे असे लगेच मानू नये, कारण गर्दी टाळण्यासाठी लहान प्रमाणावर तपशील मुद्दाम गाळलेले असतात.

संगणकावर अक्षरे बारीक वाटतात म्हणून थेट फाँटचा आकार वाढवला जातो आणि छापील पाने अकारण वाढतात. झूमने फक्त दिसणे बदलते, फाईल बदलत नाही. छायाचित्राची स्पष्टता १०० टक्क्यांवर तपासावी, कारण पडद्यात बसवलेल्या लहान चित्रात धूसरपणा लपतो, तर ४०० टक्क्यांवर चांगले चित्रही खराब भासते. मोठा फलक छापण्यासाठी बोधचिन्ह एसव्हीजीसारख्या व्हेक्टर (पिक्सेलऐवजी रेषांनी बनलेल्या, म्हणून कितीही मोठे केले तरी स्पष्ट राहणाऱ्या) स्वरूपात मागून घ्यावे. स्क्रीनशॉट ताणून चालत नाही.

ब्राउझरमधील पान अचानक मोठे झाले, तर कंट्रोल दाबलेले असताना माउसचे चाक फिरले असण्याची शक्यता असते; कंट्रोल आणि ० दाबल्यास ते पूर्ववत होते. विंडोजचा संपूर्ण पडदाच मोठा होऊन सरकू लागला असेल, तर मॅग्निफायर सुरू झालेला असतो, आणि तो विंडोज व एस्केप या कळांनी बंद होतो. संकेतस्थळ बनवणाऱ्यांनी मोबाइलवरील चिमटीचा झूम मात्र कधीही रोखू नये: अक्षरे २०० टक्के मोठी केली तरी मजकूर आणि बटणे वापरता आली पाहिजेत, अशी वेबच्या सुलभतेसाठीच्या मार्गदर्शक तत्त्वांचीच अपेक्षा आहे.