एकसर जोडणीचा पाठ: टाचण आणि पडदा यांचा मेळ

पाठ टाचणातील, म्हणजे शिक्षक तासिकेआधी लिहितात त्या पाठाच्या आराखड्यातील, शैक्षणिक साहित्याच्या रकान्यात ‘प्रोजेक्टर’ असे लिहिले जाते, पण पडद्यावर नेमके काय, पाठाच्या कोणत्या टप्प्यावर आणि कशासाठी दाखवायचे, हे त्यात क्वचितच सापडते. म्हणून टाचण काढताना साधन आधी निवडू नये. विद्यार्थी कुठे अडतात ते आधी लिहावे आणि ती अडचण फळ्याने किंवा प्रत्यक्ष साहित्याने सुटत नसेल, तेवढ्याच जागी पडद्याची योजना करावी.

नववीच्या धाराविद्युत पाठातील एकसर जोडणी, म्हणजे बल्ब एकापुढे एक एकाच मार्गात जोडणे, उदाहरण म्हणून घेऊ. येथे बहुतेक वर्गांत एक गैरसमज आढळतो: पहिला बल्ब थोडी विद्युतधारा वापरून टाकतो, त्यामुळे पुढच्या बल्बला कमी धारा मिळते. तारेतील प्रभारांचे वहन डोळ्यांना दिसत नसल्यामुळे केवळ स्पष्टीकरणाने ही समजूत सहसा जात नाही, आणि तंत्रज्ञानाची खरी गरज इथेच आहे.

त्यासाठी कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर येथील ‘फेट’ प्रकल्पाचे परिपथ जोडणीचे सिम्युलेशन (संगणकावर हाताळता येणारी प्रयोगाची प्रतिकृती) उत्तम आहे. नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वाइमन यांनी २००२ मध्ये सुरू केलेल्या या प्रकल्पाची बरीच सिम्युलेशन मराठीतही उपलब्ध आहेत आणि ती विनामूल्य आहेत. आदल्या दिवशीच ते संगणकावर उतरवून घ्यावे आणि इंटरनेट बंद करून एकदा चालवून पाहावे, म्हणजे ऐन तासिकेत नेटवर्कची वाट पाहावी लागणार नाही.

तासिकेची सुरुवात मात्र खऱ्या सेलने, टॉर्चच्या बल्बने आणि तारेनेच करावी, कारण हाताने जोडलेला बल्ब पेटताना पाहिल्याशिवाय पडद्यावरचा परिपथ मुलांना केवळ चित्र वाटतो. त्यानंतर फळ्यावर दोन बल्बांचा एकसर परिपथ काढून प्रश्न विचारावा: पहिल्या बल्बच्या आधी, दोन बल्बांच्या मध्ये आणि दुसऱ्याच्या नंतर अ‍ॅमीटर (धारा मोजणारे उपकरण) लावल्यास सर्वांत जास्त धारा कुठे दिसेल? प्रत्येकाने उत्तर कारणासह वहीत लिहावे. ही पाच मिनिटे कितीही घाई असली तरी वाचवू नयेत, असे माझे ठाम मत आहे. अंदाज न बांधता पाहिलेले सिम्युलेशन मुले पाहतात आणि विसरतात.

आता पडदा सुरू करावा. बॅटरी ९ व्होल्ट आणि बल्बचा रोध १० ओहम ठेवून आधी एकच बल्ब जोडावा; अ‍ॅमीटर ०.९ अ‍ॅम्पिअर दाखवतो. तसाच दुसरा बल्ब एकसर जोडताच धारा ०.४५ अ‍ॅम्पिअर होते, आणि ती तिन्ही ठिकाणी सारखीच असते. संगणक एखाद्या विद्यार्थ्याच्या हाती द्यावा आणि अ‍ॅमीटर कुठे लावायचा हे वर्गाला ठरवू द्यावे. आकडे दिसल्यावर लगेच नियम सांगू नये. पडदा बंद करून मुलांना आपापले लेखी उत्तर तपासायला लावावे आणि चुकीच्या उत्तरामागचा विचार त्यांच्याच तोंडून ऐकावा.

मूल्यमापनासाठी ऑनलाइन चाचणीची गरज नाही. तीन बल्बांच्या एकसर परिपथातील मधला बल्ब काढल्यास काय होईल, हे आकृतीसह कागदावर लिहून घ्यावे. ‘धारा संपते’ हा शब्दप्रयोग किती उत्तरांत उरला आहे ते मोजून टाचणाच्या मागे नोंदवावे. समांतर जोडणीची तासिका आखताना हीच नोंद समोर ठेवावी.