पेन्सिलची तारीख, पेनची तारीख: मंगल कार्यालयाचं बुकिंग ऑनलाइन नेण्यापूर्वीची तयारी

वेबसाइट बनवणाऱ्याला फोन लावण्याआधी कार्यालयाची डायरी काढा. गेल्या तीन वर्षांच्या तिन्ही काढा, आणि जो माणूस ती लिहितो त्याच्या शेजारी एक अख्खी दुपार बसा. नागपुरातल्या आमच्या लॉनची डायरी बाबा लिहितात. मी वीस वर्षं ती पाहत आलो होतो, पण तिच्यात पेन्सिल आणि पेन अशा दोन भाषा आहेत हे त्या दुपारी कळलं. "बाप्पा, 12 तारीख कोणाले देऊ नका, आम्ही रविवारी लॉन पाहाले येतो" असा फोन आला की पेन्सिलची नोंद. इसार हातात पडला की त्यावरच पेन. पूर्ण रक्कम आली की लाल गोल. शिवाय काही नावांपुढे एक बारीक टिंब असतं. ही घरोब्याची माणसं, यांची तारीख इसाराशिवायही थांबते.

यातलं काहीच न विचारता आम्ही पहिली वेबसाइट करून घेतली. तिच्या कॅलेंडरला दोनच रंग होते, मोकळी हिरवी आणि बुक झालेली लाल. पेन्सिलची तारीख हिरवीच दिसत राहिली. काटोलच्या एका कुटुंबाने तिचे पैसे ऑनलाइन भरले आणि रविवारी नागपूरच्या महाल भागातली पेन्सिलवाली मंडळी पेढ्यांचा डबा घेऊन दारात उभी राहिली. चूक बनवणाऱ्याची नव्हती. त्याला तिसरा रंग कोणी सांगितलाच नव्हता.

म्हणून तयारीतलं पहिलं काम कागदावर करायचं. पेन्सिल किती दिवस टिकते? आम्ही 72 तास ठरवले. एकाच तारखेवर दुसरी पेन्सिल घ्यायची का? घ्यायची, पण रांगेत, आणि तसं त्या माणसाला स्पष्ट सांगून. पेन्सिल पुसण्याआधी फोन कोण करणार? टिंबवाल्यांचं काय? याची उत्तरं घरात एकमताने मिळत नसतील तर सॉफ्टवेअर ती देणार नाही, नुसतं भांडण स्क्रीनवर नेईल.

मग नेमकं काय विकतो ते लिहा. "लॉन" हे उत्तर पुरत नाही. लॉन आहे, हॉल आहे, वरच्या सहा खोल्या आहेत. सकाळचं साक्षगंध (साखरपुडा) आहे, संध्याकाळचं रिसेप्शन आहे, आदल्या दिवशीच्या हळदीपासून दुसऱ्या दिवशीच्या पाठवणीपर्यंतचं लग्न आहे. आम्हाला सोपी पडलेली पद्धत अशी: प्रत्येक जागेच्या प्रत्येक दिवसाचे दोन तुकडे, सकाळ आणि संध्याकाळ. दोन दिवसांचं लग्न म्हणजे लॉनचे चार तुकडे. एका तुकड्यावर एकच नोंद, हा नियम डेटाबेसमध्येच, म्हणजे नोंदी साठतात तिथेच, घालायला लावा, नुसता स्क्रीनवर नको. आणि चार तुकडे मिळाले तर चारही, नाहीतर एकही नाही. तीन लागले आणि चौथा दुसऱ्याने नेला, असं अर्धवट बुकिंग उरता कामा नये.

तेरवी, म्हणजे तेराव्याचा कार्यक्रम, विसरू नका. लग्नाचा विचार करून फॉर्म बनवला की त्यात "किमान 30 दिवस आधी" अशी अट सहज शिरते, आणि तेरवीला हॉल शोधणाऱ्याच्या हाती जेमतेम आठवडा असतो. त्याहून वाईट म्हणजे कार्यक्रमाचा प्रकार न बघता सगळ्यांना जाणारा "अभिनंदन!" असा मेसेज. आमच्याकडून तो एका घरी गेला आहे. बाबा स्वतः जाऊन माफी मागून आले.

हंगामाचा तक्ता हाताने भरायचा. पंचांग बघून भाव आपोआप चढवू, असं कोणी सुचवलं तर हात जोडा. आषाढी एकादशी ते कार्तिकी एकादशी हा चातुर्मास ठरलेला, तुळशीचं लग्न झालं की फोन सुरू होतात, इतपत यंत्राला शिकवता येईल. पण 2026 मध्ये 17 मे ते 15 जून अधिक ज्येष्ठ, म्हणजे ऐन उन्हाळी हंगामाचा महिना मोकळा. शिवाय नागपुरात सगळा हिशेब मुहूर्तावर चालत नाही. आमच्याकडची बौद्ध कुटुंबं बहुधा रविवार किंवा सुटी बघतात, त्यामुळे मुहूर्त नसलेला रविवार "मंदा" धरून स्वस्त केला की आपलंच नुकसान. डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन आलं की शहरातल्या खोल्या आणि गाड्या मिळेनाशा होतात. तेव्हा खोल्यांचा दर लॉनपासून वेगळा ठेवता आला पाहिजे. विजयादशमीला दीक्षाभूमीवर येणाऱ्यांपैकी काही जण आमच्याकडे उतरतात, त्या खोल्या आम्ही ऑनलाइन टाकतच नाही. त्या फोनवरच जातात, वर्षानुवर्षं त्याच माणसांना.

आता एक तांत्रिक गोष्ट. सर्व्हरचं घड्याळ बहुधा जागतिक वेळेवर चालतं आणि आपण तिच्या साडेपाच तास पुढे. 31 मेचं लग्न "31 मे, रात्री 12 वाजता" असं वेळेसकट साठवलं, तर सर्व्हरच्या हिशेबात ते 30 मेच्या संध्याकाळी 6:30 ला जाऊन बसतं, आणि एखाद्या यादीत एक दिवस आधी दिसतं. कार्यक्रमाची तारीख नुसती तारीख म्हणून साठवा, असं लेखी सांगा. मग रात्री बारा ते पहाटे साडेपाचच्या दरम्यान एक बुकिंग स्वतः करून बघा, कारण तेव्हा सर्व्हरच्या हिशेबात अजून कालचीच तारीख असते.

पैशाचा भाग बनवणाऱ्यावर सोडू नका, सीएला सोबत घ्या. हॉलच्या भाड्यावर 18 टक्के जीएसटी आहे, आणि सेवेच्या बाबतीत तो इसारावरही लागतो. त्यामुळे नुसती "पावती" पुरत नाही, आगाऊ रकमेचं रिसीट व्हाउचर निघालं पाहिजे आणि पैसे परत केले तर रिफंड व्हाउचर. इसाराचा आकडा ठरवताना यूपीआयची मर्यादा लक्षात ठेवा. बऱ्याच खात्यांना दिवसाला 1 लाखाच्या वर पाठवता येत नाही, म्हणून मोठ्या रकमेला एनईएफटी किंवा आरटीजीएसची वाट ठेवावी लागते, आणि ती आलेली रक्कम नोंदीला कोणी जोडायची तेही ठरवावं लागतं. कार्डाने 1 लाख भरले आणि गेटवेने (ऑनलाइन पैसे आपल्यापर्यंत पोचवणाऱ्या कंपनीने) 2 टक्के कापले, तर त्यावरच्या जीएसटीसकट 2,360 रुपये जातात. ते कोणाचे, हे आधी ठरवा. रोखीचं म्हणाल तर 2017 पासून एकाच कार्यक्रमासाठी एकाच माणसाकडून 2 लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही. हप्ते पाडूनही नाही. ऑफिसात रोख घेणारा माणूस ती रक्कम ज्या स्क्रीनवर टाकतो, तिने बेरीज करून त्याला तिथेच अडवलं पाहिजे.

पैसे भरतानाच्या मधल्या पाच मिनिटांची वेगळी तयारी लागते. गिऱ्हाइकाने "पे" दाबलं, पैसे कापले गेले आणि मोबाइलची रेंज गेली. आपल्या पानावर तो परत आलाच नाही. तर नोंद पक्की व्हायची ती गेटवेने सर्व्हरला थेट कळवलेल्या निरोपावर, गिऱ्हाइकाच्या स्क्रीनवर नव्हे. पैसे भरायला बसलेल्यासाठी तारीख 15 मिनिटं अडवून ठेवा. सोळाव्या मिनिटाला पैसे आले आणि तारीख दुसऱ्याकडे गेली असेल तर रक्कम आपोआप परत जाते की अडकून बसते, ते एकदा खरे शंभर रुपये भरून बघा.

माझं मत विचाराल तर सुरुवातीला पूर्ण इसार ऑनलाइन घेऊच नका. नागपूरचं कोणतंही घर लॉन पाहिल्याशिवाय, कूलर मोजल्याशिवाय आणि "थोडं कमी करा न जी" म्हटल्याशिवाय पैसे देत नाही, आणि ते बरोबरच आहे. साइटने मोकळ्या तारखा दाखवाव्यात आणि छोट्या रकमेवर पेन्सिल लावून द्यावी. पेन लागायचं ते ऑफिसात, चहा घेऊन.

अटी लिहिताना रद्द करणं आणि तारीख पुढे नेणं या दोन वेगळ्या गोष्टी ठेवा. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा आमच्या एप्रिल-मेच्या बहुतेक नोंदी रद्द झाल्या नाहीत, पुढे सरकल्या. काही दोनदा सरकल्या. तेव्हा आमच्याकडे डायरी होती, म्हणून निभावलं. रात्री 10 नंतर लाउडस्पीकर बंद, हा नियम अटींच्या तळाशी नको, बुकिंगच्या वेळीच मोठ्या अक्षरात आणि वेगळी टिक करायला लावून. वर-वधूच्या वयाचा पुरावा (21 आणि 18) ऑफिसात डोळ्यांनी बघा. आधारच्या प्रती साइटवर चढवायला लावू नका. त्या सांभाळण्याची जबाबदारी आपल्या गळ्यात कशाला?

मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्ही हवं. आणि पीडीएफ पावती छापून बघाच. स्क्रीनवर नीट दिसणारा "विवाह" पावतीवर "िववाह" होतो. जोडाक्षरं फुटतात, आणि तो कागद लोक फाइलला लावून ठेवतात. एसएमएसचे मसुदे आधी नोंदवून मंजूर करून घ्यावे लागतात, त्याला दिवस जातात, ते काम लवकर सुरू करा. डोमेन (साइटचा पत्ता), होस्टिंग (साइट ठेवायची जागा) आणि गेटवेचं खातं स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर घ्या. आमचं पहिलं डोमेन बनवणाऱ्याच्या नावावर होतं, त्याने धंदा बदलला आणि आमचे पाच महिने गेले.

सुरुवात आषाढात करा, फोन कमी असतात. दोन भाच्यांना दोन मोबाइल देऊन एकच तारीख एकाच क्षणी दाबायला लावा, एकालाच मिळाली पाहिजे. हजारो लोक एकदम येतील असा मोठा सर्व्हर कोणी विकायला लागला तर घेऊ नका; वर्षाला सत्तर-ऐंशी कार्यक्रम करणाऱ्या लॉनला त्याची गरज नाही.

पहिला पूर्ण हंगाम डायरी चालूच ठेवा, आणि रोज रात्री दोन्हींचा मेळ घाला. रोज संध्याकाळी पुढच्या 60 दिवसांचा तक्ता छापून चौकीदाराच्या खोलीत टांगा. मे-जूनच्या वादळात लाइट आणि नेट दोन्ही जातात, आणि लॉन पाहायला आलेला माणूस आधी त्यालाच विचारतो. तक्त्याशेजारी सुतळीने एक पेन्सिल बांधलेली असू द्या. चौकीदाराने जे लिहिलं असेल ते सकाळी दहाच्या आत साइटवर चढलं पाहिजे, आणि ते चढवणाऱ्या माणसाचं नाव आजच ठरवा.