लॉगबुकपासून रोस्टरपर्यंत : कंपनीच्या वाहन विभागातील अनुभव

चाकणच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात मी २००९ मध्ये वाहन विभागात रुजू झालो, तेव्हा माझ्या ताब्यात किल्ल्यांची एक फळी, डिझेलच्या स्लिपांची पुस्तके आणि प्रत्येक गाडीची लॉगबुक (फेऱ्या आणि किलोमीटरची वही) एवढेच आले. गाडी गेटबाहेर पडली की ती परत येईपर्यंत कुठे आहे हे ड्रायव्हरलाच ठाऊक असे. निम्मी हुशारी डिझेलची गळती शोधण्यात खर्च होई, कारण जुन्या गाड्यांच्या मीटरची केबल काढून ठेवणे हा हातखंडा प्रकार होता. टाकी काठोकाठ भरायची, आठवडाभराने पुन्हा काठोकाठ भरायची आणि मधल्या किलोमीटरला लागलेल्या डिझेलने भागायचे, ही अॅव्हरेज काढण्याची पद्धत मी तेव्हा शिकलो आणि आजही कोणत्याही सॉफ्टवेअरचा आकडा मी याच पद्धतीने पडताळतो.

कामाचे स्वरूप २०१७ नंतर झपाट्याने पालटले. त्या वर्षीच्या जूनपासून डिझेलचा दर रोज बदलू लागला, १ एप्रिल २०१८ पासून आंतरराज्य मालवाहतुकीला ई-वे बिल (मालासोबत बाळगायचा ऑनलाइन काढलेला दाखला) आले, १ सप्टेंबर २०१९ पासून मोटार वाहन कायद्यातील दुरुस्त्यांची अंमलबजावणी सुरू झाली आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये राष्ट्रीय महामार्गांवरील टोलनाक्यांच्या सर्व मार्गिकांवर फास्टॅग बंधनकारक झाला. पूर्वी ड्रायव्हर टोलच्या पावत्या खिशातून काढून देत असे. आता फास्टॅगच्या खात्यातील नाक्याची वेळ आणि गाडीत बसवलेल्या जीपीएस ट्रॅकरमधील वेळ एकमेकींशी जुळवून पाहता येते. लेखा विभागाशी असलेले नातेही बदलले आहे. ड्रायव्हर धरून तेरापेक्षा अधिक आसनांच्या गाडीवरील जीएसटीचे क्रेडिट (भरलेला कर कंपनीच्या देय करातून वजा करण्याची सोय) मिळू शकते, लहान गाडीवर ते सहसा मिळत नाही. त्यामुळे कोणती बस घ्यायची हा प्रश्न आता केवळ गॅरेजचा राहिलेला नाही.

नवख्यांनी कागदपत्रांच्या तारखांची वही पहिल्याच दिवशी स्वतःच्या हाताने तयार करावी, असे मी आग्रहाने सांगेन. व्यावसायिक गाडीचे पासिंग (गाडी रस्त्यावर चालण्यायोग्य असल्याची तपासणी) आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी करावे लागते, ही तारीख बहुतेकांच्या लक्षात असते. मुदत टळते ती ड्रायव्हरच्या लायसन्सची. अपघाताच्या वेळी लायसन्स संपलेले निघाले, तर विमा कंपनी त्रयस्थाला भरपाई देऊन ती रक्कम वाहनमालकाकडून वसूल करण्याच्या मागे लागू शकते.

माझी सर्वांत मोठी चूक मात्र कागदांची नव्हती. ट्रॅकर बसवल्यानंतर दर सोमवारी ड्रायव्हरांच्या गुणांची यादी येऊ लागली आणि सकाळच्या मोशी-चाकण फेरीवरचा आमचा सर्वांत जुना ड्रायव्हर सलग तीन आठवडे तळाला दिसला, कारण जोरात ब्रेक आणि अतिवेग या दोन्ही रकान्यांत त्याच्यासमोर लाल खुणा होत्या. मी त्याला लेखी ताकीद दिली. त्याने सही केली आणि एवढेच म्हणाला, “साहेब, एक दिवस शेजारी बसा.” मी दुसऱ्या दिवशी पहाटे मोशीला बसमध्ये चढलो. तीन थांब्यांवर माणसे येईपर्यंत नऊ मिनिटे गेली, चाकणच्या तळेगाव चौकात बस अठरा मिनिटे जागची हलली नाही आणि चौक ओलांडल्यावर हजेरी पंच होण्याची वेळ अगदी तोंडावर आली, तेव्हा मागच्या बाकांवरून “काका, जरा दाबा की” अशी ओरड सुरू झाली. त्या फेरीला पस्तीस मिनिटे मीच लावली होती, तीही रविवारी दुपारी स्वतःच्या गाडीने अंतर मोजून. ताकीद मी मागे घेतली, बस वीस मिनिटे आधी सोडली आणि पुढच्या दोन आठवड्यांत त्या लाल खुणा जवळजवळ नाहीशा झाल्या. (बस लवकर सोडल्याबद्दल कामगारांची बोलणी मात्र मला महिनाभर खावी लागली.)

ड्रायव्हरचा दिवस समजून घेणे हे आता कामाचे मर्म झाले आहे. पहाटे साडेचारला गाडी काढणारा माणूस मधला वेळ आवारातल्या बाकावर काढतो आणि संध्याकाळी पुन्हा तीच बस नेतो. रोस्टरमध्ये, म्हणजे ड्युटीच्या वेळापत्रकात, मात्र केवळ चाकावरचे तास दिसतात. कार्यालयांतील रात्रपाळीच्या बाबतीत २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्याने महिला कर्मचाऱ्यांना घराच्या दारापर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी मालकावर टाकली आहे. म्हणून गल्लीच्या तोंडाशी उतरवून झालेली फेरी मी पूर्ण धरत नाही, नकाशावर ती पूर्ण दिसत असली तरीही.

विजेवरच्या गाड्यांबद्दल एकच सूचना करतो. गाडी किती किलोमीटर जाते यापेक्षा ती कधी चार्जिंगला लागते हे आधी पाहावे. पाळी सुटताच सर्व गाड्या एकदम जोडल्या, तर कारखान्याची कमाल वीजमागणी (एका वेळी लागणारी सर्वाधिक वीज) वाढते आणि तिचा बोजा बिलात दिसतो. इथे विद्युत विभागाच्या माणसाशी मैत्री उपयोगी पडते.

मुलाखतीला आलेल्या उमेदवारापुढे मी अजूनही जुनी लॉगबुक ठेवतो आणि त्यात काय खटकते ते विचारतो. बहुतेक जण लगेच कॅल्क्युलेटर काढून अॅव्हरेज काढू लागतात. गेल्या वर्षी एका मुलीने मात्र वही खिडकीपाशी उजेडात नेली, दोन पाने उलटली आणि सांगितले, “सोमवार ते शनिवार एकच शाई आहे, आणि प्रत्येक फेरीचा आकडा शून्यावर संपतो.” ती आता आमच्या रात्रपाळीचे रोस्टर लावते.