गावाची लोकसंख्या आणि दळणवळण: माहितीपत्रक अचूक कसं करायचं

विकास आराखडा असो की रस्त्याची मागणी, पहिला घोळ होतो तो ‘गाव’ नेमकं कुठलं यावर. जनगणना मोजते ते महसुली गाव. वाड्या, पाडे, तांडे त्याच्याच पोटात धरले जातात. उलट गट ग्रामपंचायतीत दोन-तीन महसुली गावं असतात, तेव्हा त्यांची बेरीज करावी लागते. म्हणून सातबाऱ्यावरचं गावाचं नाव आधी पाहा आणि २०११ च्या जनगणनेच्या यादीतून त्याचा सहा आकडी कोड काढा. नुसत्या नावावर गेलात तर बुद्रुकची माणसं खुर्दच्या खात्यात जातात. जिल्हाही त्या वेळचाच शोधायचा. पालघर १ ऑगस्ट २०१४ ला झाला, त्यामुळे जव्हार-मोखाड्याची गावं ठाण्यात सापडतील आणि धाराशिवची उस्मानाबादेत.

आकडे जिल्हा जनगणना पुस्तिकेत असतात: भाग ‘अ’ मध्ये सुविधा, भाग ‘ब’ मध्ये कुटुंबं, स्त्री-पुरुष, ० ते ६ वयाची मुलं, साक्षर आणि काम करणारे. साक्षरतेचं प्रमाण काढताना एकूण लोकसंख्येतून ही लहान मुलं वजा करायची. समजा लोकसंख्या १,२४०, मुलं १४० आणि साक्षर ८२५, तर ८२५ भागिले १,१००, म्हणजे ७५ टक्के. १,२४० ने भागलं की उत्तर साडेसहासष्टवर येतं आणि गाव उगाच अडाणी ठरतं.

ऊसतोडीला जाणाऱ्या गावांचा आकडा जपून वापरा. २०११ ची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारीला झाली, म्हणजे ऐन गाळपाच्या हंगामात. त्या सगळ्या काळात जे कोपीवर (ऊसतोडीच्या ठिकाणच्या झोपडीत) होते, त्यांची नोंद गावात नाही, तिकडेच झाली. आजचा आकडा हवा असेल तर अंगणवाडीच्या कुटुंब सर्वेक्षणातून घ्या, पण तारखेसह आणि वेगळ्या रकान्यात. २०११ च्या आकड्यावर चढवू नका. मतदारयादी म्हणजे लोकसंख्या नव्हे.

रस्त्याच्या मागणीत वाडीचा आकडा लागतो. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेच्या चौथ्या टप्प्यात २०११ प्रमाणे सपाटीवर ५०० आणि डोंगरी राज्यं, आदिवासी क्षेत्रं अशा विशेष भागांत २५० लोकवस्तीची अट आहे. पुस्तिकेत वाडीवार फोड नसते, त्यामुळे घरयादी करून जोडावी लागते.

आता दळणवळण. पुस्तिकेत एसटी, रेल्वे, टॅक्सी, पक्का रस्ता यांपैकी जे गावात नाही, तिथे अंतराची खूण असते: ‘अ’ ५ किमीच्या आत, ‘ब’ ५ ते १०, ‘क’ १० च्या पुढे. ही माहिती तेव्हाची आहे, पत्रकात घेण्याआधी जागेवर ताडून बघा. रस्त्याचा दर्जा (प्रजिमा म्हणजे प्रमुख जिल्हा मार्ग, इजिमा म्हणजे इतर जिल्हा मार्ग, की ग्रामा म्हणजे ग्रामीण मार्ग) आणि क्रमांक जिल्हा परिषदेच्या बांधकाम उपविभागात मिळतो. तो लिहिलाच पाहिजे, कारण इजिमा आणि ग्रामा सहसा जिल्हा परिषदेकडे, प्रजिमा सार्वजनिक बांधकाम खात्याकडे. अर्ज चुकीच्या टेबलावर गेला की महिनोन् महिने पडून राहतो.

अंतर नकाशावर सरळ रेषेत मोजू नका, घाटात ते फसतं. दुचाकीच्या मीटरवर, ग्रामपंचायत कार्यालयापासून फाट्यापर्यंत आणि फाट्यापासून तालुक्यापर्यंत असं दोन तुकड्यांत घ्या. एसटीच्या तिकिटावरूनही किलोमीटर काढू नका. भाडं ६ किमीच्या टप्प्यावर असतं.

‘बससेवा आहे’ एवढ्याने कुणाचं काम होत नाही. आगाराचं नाव, येण्या-जाण्याच्या वेळा, मुक्कामी गाडी आहे का, आणि शाळेला सुट्टी लागली की कोणती फेरी बंद होते, हे सगळं लिहा. गाडी गावात येते की फाट्यावरूनच वळते, हेही. वडाप (खासगी जीपची प्रवासी वाहतूक) चालत असेल तर बाजारच्या दिवशीची आणि एरवीची सोय वेगळी दाखवा.

डांबर दिसलं म्हणून रस्ता बारमाही ठरत नाही. वाटेत फरशी पूल असेल तर कोणत्या ओढ्यावर, पावसाळ्यात साधारण किती वेळा बुडतो आणि पाणी ओसरायला किती तास लागतात, हे पूल जवळून पाहणाऱ्यांना विचारून नोंदवा. दवाखान्याची आणि शाळेची वाट त्याच पुलावरून जात असेल तर तेही त्याच ओळीत लिहा. नव्या पुलाच्या प्रस्तावाला हीच नोंद जोडता येते.